बाटली भरलेलीच परत यायची

आमच्या बाईसाहेब जूनच्या शेवटी ज्युनिअर केजीत गेल्या. जूनच्या शेवटी म्हणजे विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा, पुण्याच्या नणंदेला दर वर्षी सांगावं लागतं की बाई, आमच्याकडे जूनच्या मध्यात शाळा उघडली तर पोरं भाजून निघतील. पहिले आठ दिवस सगळेच रडतात म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही, व्हॅनवाले काका पण म्हणाले की मॅडम तुम्ही खाली येऊच नका, तुम्ही दिसल्या की ती जास्त सूर लावते.

जुलैत डायरीत पहिला लाल शेरा आला. स्लीपिंग लाइन नीट येत नाही, घरी प्रॅक्टिस घ्या. ज्यांची पोरं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते, केजीत एबीसीडीच्या आधी रेघा असतात, स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, मग स्लँटिंग, मग कर्व्ह. उभी, आडवी, तिरपी, वाकडी, झालं. दोन दिवसांनी दुसरा शेरा, काम अर्धवट सोडते. मग तिसरा, विचारलं तर बोलत नाही. हा तिसरा वाचून मला हसूच आलं कारण ही पोरगी घरात मिनिटभर गप्प बसत नाही, आमच्या घरातली भांडणं खालच्या काकूंना हिच्याकडूनच कळतात.

पण हसू तेवढ्यापुरतंच. त्याच दिवशी आयांच्या ग्रुपवर कोणीतरी आपल्या लेकाने १ ते ५० लिहिलेल्या पानाचा फोटो टाकला, खाली पंधरा अंगठे, आणि माझं डोकं फिरलं. रोज ऑफिसमधून आले की साडेसातला डायनिंग टेबलवर वही, पेन्सिल, रबर आणि मी. ती खुर्चीवरून घसरून खाली जायची, मी वर ओढायची. एक दिवस तिचा हात हातात धरून मी जवळजवळ जबरदस्तीने रेघा काढून घेत होते आणि पेन्सिलचं टोक मोडलं. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. सासूबाई आतून आल्या, म्हणाल्या, "काऊन मागं लागून राहिली तिच्या? लेकरू हाय ते, तलाठी नाही." मला राग आला होता खरा, पण वही मीच बंद केली.

त्याच आठवड्यात सू करताना दुखते म्हणायला लागली. ताप नव्हता, पण जळजळ होत असणार कारण बाथरूमच्या दारातच उभी राहून रडायची. डॉक्टरांनी लघवी तपासायला दिली, इन्फेक्शन निघालं, औषध लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, शाळेत पाणी पिते का? आणि मला एकदम तिची गुलाबी बाटली आठवली. रोज भरलेली परत यायची. रोज मी ते पाणी तुळशीत ओतत होते आणि एकदाही मनात आलं नाही की चार तास पोरगी पाणी पीत कशी नाही, तेही नागपूरच्या उकाड्यात. वहीतल्या रेघा बघत होते ना मी.

रात्री झोपताना विचारलं. आधी काही बोलली नाही, मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पाणी पिलं की सू येते." मग टीचरला सांगायचं ना. "ते येत नाही मला." काय येत नाही? "मायगोटू."

मला समजायला वेळ लागला. मे आय गो टू वॉशरूम. हे पूर्ण वाक्य म्हटल्याशिवाय जायचं नाही असा वर्गात नियम होता, म्हणजे पोरांना इंग्लिश बोलायची सवय लागावी म्हणून. हिची गाडी मायगोटूवर अडायची, एकदा मुलं हसली, मग तिने विषयच संपवला. पाणीच प्यायचं नाही. सू दाबून बसलेलं साडेतीन वर्षांचं लेकरू काय आडवी रेघ काढणार?

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून टीचरला भेटले. मनात भांडणाची पूर्ण तयारी होती, पण त्या पोरीकडे (पोरगीच आहे ती, पंचविशीची असेल) बघून अर्धी हवा गेली. तिसेक मुलं, ती एकटी आणि मदतीला एक मावशी. मी विचारलं, हिने नुसती करंगळी दाखवली तर चालेल का? ती म्हणाली, अहो आधी सांगायचं ना, सगळ्यांनाच सांगते उद्यापासून. दोन मिनिटांत विषय मिटला. मावशी गेटपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या की बाई, मी विचारत होती तिले, पण मान हलवून नाही म्हणायची.

शाळेवर ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने? २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकायचा, आणि जमेल तिथे घरच्या भाषेत. पण इंग्लिश मीडियमच पाहिजे म्हणून फॉर्मसाठी लाइनीत कोण उभं होतं, आम्हीच ना.

आणखी एक हिशोब मी अॅडमिशनच्या वेळी केलाच नव्हता. आपल्याकडे वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. हिचा वाढदिवस २४ डिसेंबर. म्हणजे बसली काठावर, आणि तेव्हा आम्हाला आनंद झाला की चला, वर्ष वाचलं. आता तिच्या बाजूला बसणारा मुलगा त्याच वर्षीच्या जानेवारीतला आहे. शाळा सुरू झाली तेव्हा तो जवळजवळ साडेचारचा, ही साडेतीनची. मोठ्या माणसात अकरा महिने म्हणजे काहीच नाही, पण हिच्या आयुष्याचा तो चौथा हिस्सा झाला. १ ते ५० वाला फोटो त्याचाच होता, हे नंतर कळलं.

टेबलावरची प्रॅक्टिस बंद केली. सासूबाईंनी तिला बरबटीच्या शेंगा मोडायला बसवलं, कणकेच्या गोळ्या करायला दिल्या, हे सगळं बोटांत जोर यावा म्हणून असं त्यांनी काही म्हटलं नाही, त्यांना फक्त ती माझ्या तावडीतून सुटायला हवी होती. मी गच्चीवर रंगाचा जुना ब्रश आणि मगभर पाणी दिलं. ती फरशीवर हातभर लांब रेघा ओढते, ऊन असलं की पहिली रेघ तिसरी काढेपर्यंत वाळून जाते, मग पुन्हा पहिल्यापासून. रबर लागत नाही, शेरा मारायला काही उरतच नाही.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आमच्याकडच्या लहान पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरली. पहिल्या दारात माझ्या ओढणीमागे, तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतःच बेल वाजवून "बोजारा द्या" सुरू, बोजारा म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे. एकशे सत्तर रुपये जमले, त्यातले वीस मी चहावाल्याला दिले म्हणून अजून ऐकून घेते आहे.

शाळेत अजूनही फार बोलत नाही. स्लीपिंग लाइन मध्येच झोपेतून उठल्यासारखी वर जाते. बाटली मात्र अर्धी रिकामी येते, आणि पोरगी व्हॅनमधून उतरल्या उतरल्या मी आधी बाटली हलवून बघते, डायरी नंतर. पुढच्या वर्षी सिनिअरला पाठवायची की ज्युनिअरच पुन्हा करायचं यावर घरात एकमत नाही. नवरा म्हणतो वर्ष वाया जाईल, मी म्हणते कोणाचं? काल जेवताना हाच वाद चालू होता तर तिने मध्येच करंगळी वर केली. मी म्हटलं जा. म्हणाली, सू नाही, मला बोलायचं आहे.