न्हावा शेवा ते बेंगलोर ट्रेलर, यावेळी झोपेचा हिशोब धरून केलेली ट्रिप

आत्ताच न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन बेंगलोरच्या अलीकडे नेलमंगलाला खाली करून आलो, साधारण हजार किमी, पुणे सातारा कोल्हापूर बेळगाव हुबळी दावणगेरे असा नेहमीचा एनएच 48. रस्ता आपल्या लाइनवाल्यांना पाठ आहे, तो सांगायला लिहित नाहीये. याच्या आधी मी बरेच दिवस स्टेअरिंगला हात लावला नव्हता. ताप नाही, दुखणं नाही, पण घरी आलो तरी कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही, पोरगी वही दाखवायला आली की तिच्यावर खेकसायचो, आणि गाडीवर असताना टोल आला की मधली गावं कधी मागे गेली तेच आठवायचं नाही. झोपायला वेळ मिळाला तरी डोळे मिटले की रस्ता पळायला लागायचा. ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी हे आहे.

आधी एक सांगतो, 14416 नंबर सेव्ह करून ठेवा. टेलीमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण लागते आणि मराठीत बोलतात. बायकोने आग्रह केला म्हणून मी लावला. समोरच्या बाईंनी सगळ्यात आधी झोपेचंच विचारलं, किती वाजता झोपता, सलग किती झोपता, उठल्यावर कसं वाटतं. मला उत्तरच देता येईना, कारण ठरलेली वेळ अशी कधी नव्हतीच. तिथूनच डोक्यात बसलं की पुढची ट्रिप डिझेलसारखा झोपेचा पण हिशोब करूनच मारायची.

हा हिशोब गाडी भरायच्या आधी करायचा, रस्त्यात नाही. रस्त्यात आपलं कोणी ऐकत नाही. शेठला फोनवर नाही, ऑफिसला जाऊन समोर बसून बोललो की गेटमधून निघाल्यावर बेंगलोरला तिसऱ्या दिवशी सकाळी लागेल, आणि पार्टीला (माल घेणाऱ्याला) तसंच सांगा. शेठ म्हणाले दुसरे दीड दिवसात जातात. मी म्हटलं ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) 200 किमीला एक दिवस धरून मिळतं, म्हणजे आपल्या या मालाला कागदावरच 5 दिवस आहेत, मी तर तिसऱ्या दिवशी देतोय. आणि 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यातच दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 आणि सलग 5 तास काम झालं की अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं, हे काय मी नवीन मागत नाहीये. शेठ थोडा वेळ गप्प बसले, मग हो म्हणाले. सगळे शेठ ऐकतील असं नाही, पण गाडी भरायच्या आधी बोललात तर निदान ऐकून तरी घेतात, कारण तेव्हा त्यांना ड्रायव्हर पाहिजे असतो. एकदा गाडी भरली की फक्त "कुठे पोचला" एवढाच फोन येतो.

आता पोर्टचं. माणूस खरा थकतो तो गाडी चालवून नाही, लाइनीत उभं राहून, असं माझं पक्कं मत झालंय. गेटच्या लाइनीत गाडी दर दहा-पंधरा मिनिटांनी चार फूट सरकते, म्हणजे झोपता येत नाही आणि काम केल्यासारखं पण दिसत नाही. मालक त्याला आराम धरतो. तुम्ही धरू नका. लाइनीला लागलो त्या मिनिटापासून माझी ड्युटी चालू, असा हिशोब मी यावेळी ठेवला. गेटमधून बाहेर पडलो तोवर संध्याकाळ झाली होती, म्हणून बोरघाट चढून पुणे बायपास ओलांडला आणि सरळ शिरवळच्या अलीकडे पार्किंगला गाडी लावून झोपलो. आधीच्या सवयीने मी त्याच रात्री कराड गाठलं असतं.

रात्री दोन ते पाच गाडी चालवायचीच नाही, या वेळेला शरीरच झोप मागतं. चहा, तंबाखू, खिडकी उघडी ठेवून गार वारा घेणं, मोठ्याने गाणी, यातल्या कशानेही झोप भरून निघत नाही, फक्त थोडा वेळ कळत नाही एवढंच. अगदीच डोळे जड झाले तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या (शोल्डरवर म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्टीवर नाही, पंपावर किंवा ढाब्याच्या आत), एक चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं पडा. चहा चढायला तेवढाच वेळ लागतो, उठल्यावर बरं वाटतं. पण हे पुढच्या पार्किंगपर्यंत पोचायला आहे, रात्र काढायला नाही.

सकाळी उजाडल्यावर खंबाटकी घाट चढलो. पुढे सातारा-कागल पट्ट्यात रुंदीकरणाची डायव्हर्जन लागतात, तिथे तासाभराचा टाइम जास्तीचा धरूनच चाला म्हणजे डोकं तापत नाही. कोल्हापूरच्या पुढे दुपारी भाकरी आणि पातळ आमटी, भात नाही, तेलकट रस्सा नाही, त्याने तासाभरात पेंग येते. निपाणीच्या पुढे तवंदी घाट ओलांडून संध्याकाळी बेळगावजवळ थांबलो. बेळगावात मराठी बोलणारं कुणीतरी भेटतंच, जेवताना दोन गोष्टी बोलणं झालं, एकट्या माणसाला त्याचा पण उपयोग होतो.

मुक्कामाला तेल कंपन्यांच्या पंपांवर "अपना घर" असतात ते बघून ठेवा, 2025 च्या मध्यापर्यंत देशभरात 350 च्या वर झालेत. झोपायला बेड, आंघोळीचा हौद, संडास, स्वतः स्वयंपाक करायची जागा असते. त्याचं ॲप आहे, निघायच्या आधीच आपल्या रस्त्यावर कुठे आहेत ते बघा, कारण सगळ्या पंपांवर नाहीत. आंघोळ करून आडवं पडणं आणि केबिनमध्ये घामाने पडणं यात फार फरक आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, पण आपल्यातले बहुतेक जण अजून जुन्याच गाड्यांवर आहोत, दुपारी पत्रा तापला की त्यात झोप होत नाही.

दुसऱ्या दिवशी धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, काही विशेष नाही. चित्रदुर्गच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा जाणवलं की मी आजूबाजूला बघतोय, आणि मागची गावं पण आठवतायत. हिरियूरला मुक्काम. घरी फोनची एकच वेळ ठरवलीय, रात्री जेवण झाल्यावर गाडी बंद करून. चालत्या गाडीत बोललं की भांडण होतं, अर्धं ऐकू येतं, आणि धोका आहे तो वेगळाच.

नेलमंगलाला सकाळी लागलो, खाली व्हायला दुपार झाली. हॉल्टिंगचं (गाडी खाली व्हायला थांबून राहते त्याचं) भाडं किती तासांनी चालू होणार ते आधीच लिहून घेतलं होतं म्हणून वाद झाला नाही, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) रिपोर्टिंगची म्हणजे पोचल्याची वेळ टाकून सही नक्की घ्या. परतीचा माल त्याच संध्याकाळी मिळत होता तो घेतला नाही, दुसऱ्या दिवशीचा घेतला, भत्ता थोडा बुडाला पण चालेल.

येताना खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच एस वळण आहे आणि कात्रजचा नवीन बोगदा ते नवले पूल सलग उतार आहे, इथे पेंगलेल्या माणसाने येऊच नये. मी खेड शिवापूरच्या टोलच्या आसपास थांबून आधी झोप काढतो, हवा आणि ब्रेक बघतो, आणि मग बोगद्यापासूनच खालचा गिअर लावून उतरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, भरल्या गाडीचे ब्रेक तापले की तिथे खाली धरायला काही उरत नाही आणि समोर सिग्नलसारखी गर्दी उभी असते.