दि मॉइनमधली तीन वर्षे

कर्ट वॉर्नर या अमेरिकन फुटबॉल खेळाडूची गोष्ट अमेरिकेत बहुतेकांना तोंडपाठ आहे आणि ती नेहमी एकाच चालीवर सांगितली जाते. आयोवा राज्यातला एक तरुण 1994 मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरातून नकार घेऊन परततो, सीडर फॉल्समधल्या हाय-व्ही या किराणा दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावण्याचे काम करतो आणि जानेवारी 2000 मध्ये सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य खेळाडू, म्हणून सुपर बोल हा एनएफएल या सर्वोच्च लीगचा अंतिम सामना जिंकतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मात्र दुकानातून थेट सुपर बोलवर उडी घेताना 1995 ते 1997 ही तीन वर्षे एका वाक्यात उरकली जातात, आणि माझ्या मते वॉर्नर नावाचा क्वार्टरबॅक घडला तो याच वर्षांत, दि मॉइन शहरातल्या एका बंदिस्त क्रीडागृहात, आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघाकडून खेळताना.

बार्नस्टॉर्मर्स खेळत तो छपराखालचा फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहत असताना जिम फॉस्टर यांना वाटले की अमेरिकन फुटबॉलही असा छपराखाली खेळता येईल, आणि हातातल्या पाकिटावरच त्यांनी मैदानाचा आराखडा काढला. 1987 च्या उन्हाळ्यात चार संघांची एरिना फुटबॉल लीग सुरू झाली. मैदान आइस हॉकीच्या रिंकच्या मापाचे, म्हणजे 50 यार्ड लांब आणि 85 फूट रुंद, तर बाहेरचे नेहमीचे मैदान 100 यार्ड लांब आणि 160 फूट रुंद असते. प्रत्येक बाजूला 11 ऐवजी 8 खेळाडू. सीमारेषेच्या जागी गादी लावलेली भिंत. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवलेल्या उंच जाळ्या, ज्यांवर आदळून परत येणारा चेंडू खेळातच राहतो. पंट मारून चेंडू दूर पाठवण्याची सोय नाही, त्यामुळे अडलेल्या संघाला एक तर पुढे जावे लागते किंवा गोलवर किक मारावी लागते. यात भर म्हणजे एका रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, चेंडू खेळात येण्यापूर्वीच पुढच्या दिशेने धावत सुटण्याची मुभा असते, म्हणून तो रेषा ओलांडतो तेव्हा पूर्ण वेगात असतो. एका संघाने 50 गुण करूनही सामना हरावा, हे इथे नवलाचे नाही.

अशा मैदानावर क्वार्टरबॅकची कसोटी वेगळीच असते. बाहेरच्या मैदानावर तो चार पावले मागे सरकून नजर फिरवू शकतो, इथे मागे सरकायलाही जागा नसते आणि समोरचे बचावपटू हात लांब केला तर लागतील इतके जवळ असतात. रिसीव्हर मोकळा झाल्यावर चेंडू फेकायचा म्हटले तर उशीर झालेलाच असतो. तो जिथे पोहोचणार आहे तिथे, तो पोहोचण्याआधी, भिंत आणि बचावपटू यांच्यामधल्या हातभर फटीत चेंडू पाठवावा लागतो, आणि एका सामन्यात हे कितीतरी वेळा करावे लागते. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात वॉर्नरला मुख्य क्वार्टरबॅक म्हणून संधी मिळाली ती केवळ शेवटच्या वर्षी. त्यामुळे त्याची खरी गरज होती ती प्रत्यक्ष सामन्यांची, हजारो वेळा निर्णय घेण्याची आणि चुकण्याची. ती गरज प्रशिक्षक जॉन ग्रेगरी यांच्या हाताखाली, दि मॉइनच्या व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये पुरी झाली. या इमारतीला गावातले लोक ‘द बार्न’, म्हणजे धान्याचे कोठार, म्हणत.

मी स्वतः या खेळाकडे वळलो तो याच शहरातल्या आजच्या बार्नस्टॉर्मर्समुळे. भिंतीला लागून असलेल्या रांगेत बसले की दूरचित्रवाणीवर कधीच न कळणारी एक गोष्ट लगेच जाणवते, ती म्हणजे आवाज. खांद्याची चिलखते एकमेकांवर आदळण्याचा आवाज तर असतोच, पण धावत आलेला रिसीव्हर चेंडू छातीशी धरून त्या गादीवर आपटतो तेव्हा बसलेली खुर्ची हादरते. एकदा असाच एक खेळाडू भिंतीवरून अर्धा आमच्या बाजूला लोंबकळला. शेजारच्या काकूंच्या मक्याच्या लाह्या त्याच्या हेल्मेटच्या जाळीत अडकल्या होत्या, आणि तो त्यांची क्षमा मागून पुन्हा मैदानात गेला. सामना संपल्यावर प्रेक्षकांना मैदानात उतरू देतात. तिथे हाच खेळाडू पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांनी लहान मुलांच्या टोप्यांवर सही करत उभा होता, आणि प्रत्येकाला नावाचे स्पेलिंग विचारून मगच लिहीत होता. हे व्यावसायिक खेळाडू आहेत आणि आपले काम ते पूर्ण गांभीर्याने करतात, हे मला त्या दिवशी मनापासून पटले.

वॉर्नरच्या हंगामांकडे पुन्हा वळू. 1997 च्या हंगामात त्याने टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवणारे, 79 पास दिले. 1996 आणि 1997 अशी दोन्ही वर्षे तो लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला आणि दोन्ही वर्षे त्याने बार्नस्टॉर्मर्सला अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे एरिनाबोलपर्यंत नेले. पहिल्या वेळी टँपा बे स्टॉर्मने दि मॉइनमध्येच 42–38 असे हरवले, तर दुसऱ्या वेळी ॲरिझोना रॅटलर्सने 55–33 असे. त्यानंतर एनएफएलमधल्या शिकागो बेअर्स संघाची चाचणी ठरली होती, परंतु मधुचंद्राच्या काळात कोपराला कीटक चावून हात सुजल्याने तीही हुकली. 1998 च्या वसंतात तो ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून युरोपात खेळला आणि मग रॅम्सच्या राखीव खेळाडूंमध्ये त्याला जागा मिळाली. क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत असताना रॅम्सने त्याला सोडायची तयारी ठेवली होती, तरीही क्लीव्हलँडने त्याला उचलले नाही. ऑगस्ट 1999 मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा सराव सामन्यात निकामी झाला, तेव्हा प्रशिक्षक डिक व्हर्मील यांच्यापुढे वॉर्नरवाचून दुसरा पर्याय उरला नाही. त्या हंगामात वॉर्नरने 4,353 यार्डांचे आणि 41 टचडाउनचे पास दिले आणि तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

30 जानेवारी 2000 रोजी अटलांटा येथे टेनेसी टायटन्सविरुद्ध झालेल्या सुपर बोलमध्ये सामना 16–16 असा बरोबरीत असताना आणि जेमतेम दोन मिनिटे उरलेली असताना त्याने आयझॅक ब्रूसला 73 यार्डांचा पास दिला, ज्यावर सामना 23–16 असा जिंकला गेला. त्या पासचे चित्रण पुन्हा पाहताना चेंडूकडे न पाहता वॉर्नरकडे पाहावे. टायटन्सचा जेव्हॉन कर्स त्याच्या अंगावर येऊन थडकतो आहे, आणि तरीही तो थडकण्याच्या आत चेंडू हातातून सुटलेला आहे. एवढ्या घाईत, एवढ्या शांतपणे चेंडू सोडण्याची सवय हाताला लागली कुठे, असे विचारले तर माझे उत्तर बार्न हेच आहे.

तरीही या तीन वर्षांचे मोल केवळ सुपर बोलवर मोजणे मला मान्य नाही. 2006 मध्ये, विसाव्या हंगामाच्या निमित्ताने, एरिना लीगने आपल्या इतिहासातल्या 20 श्रेष्ठ खेळाडूंची यादी जाहीर केली, आणि तीत वॉर्नरचा क्रमांक बारावा होता. पहिला होता एडी ब्राउन. सर्वसाधारण क्रीडाप्रेमींना त्याचे नाव ठाऊक असलेच तर ते अँटोनियो ब्राउन या एनएफएलमधल्या रिसीव्हरचा बाप म्हणून. एडी ब्राउन 1994 पासून 2003 पर्यंत फायरबर्ड्स या एकाच संघाकडून, आधी ऑल्बनीत आणि पुढे संघ इंडियानात हलल्यावर तिथे, खेळत राहिला. ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला त्याच ऑगस्टमध्ये, आठवडाभर आधी, ब्राउनच्या ऑल्बनी फायरबर्ड्सने एरिनाबोल जिंकला होता. वॉर्नरचा दरवाजा उघडला त्याच महिन्यात ब्राउन आपल्या खेळाच्या शिखरावर होता, आणि ते शिखर छपराखालीच होते.

ज्यांनी या खेळात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र कायम टांगणीला राहिला. 2009 चा हंगाम लीगने रद्द केला आणि पुढे दिवाळखोरी आली. 2010 मध्ये लीग नव्याने उभी राहिली, पण खेळाडूंचा मोबदला सामन्यामागे 400 डॉलर एवढाच होता. मार्च 2012 मध्ये, हंगामाच्या पहिल्याच सामन्यापूर्वी संपाची चर्चा सुरू होताच, पिट्सबर्ग पॉवर संघाच्या खेळाडूंना सामन्याआधीच्या जेवणाच्या वेळीच कामावरून काढल्याचे सांगण्यात आले. 2019 मध्ये लीग पुन्हा दिवाळखोरीत गेली. आज मुख्यतः इंडोअर फुटबॉल लीग हा खेळ चालवते, त्यात जाळ्या नाहीत आणि संघ बहुधा मध्यम आकाराच्या शहरांचे आहेत. त्यांतले पुष्कळ खेळाडू हंगाम संपल्यावर शाळांत मुलांना शिकवतात, गोदामांत काम करतात, व्यायामशाळा चालवतात आणि पुढच्या वसंतासाठी शरीर राखून ठेवतात. 2018 मध्ये बार्नस्टॉर्मर्सने याच लीगचा अंतिम सामना सू फॉल्स स्टॉर्मविरुद्ध 69–68 असा एका गुणाने जिंकला. वॉर्नरच्या काळात दोनदा निसटलेले विजेतेपद ज्यांनी या शहराच्या नावावर केले, त्यांपैकी एकाचेही नाव मला दि मॉइनबाहेर कोणाच्या तोंडून ऐकायला मिळालेले नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते.