प्रेसचा आवाज

"हात बरा झालाय रे, पण प्रेसचा आवाज आला की बोटं आपोआप मिटतात." आज सकाळी भोसरीत टपरीवर दादा बोलला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, चहाचा ग्लास डाव्या हातात, उजवा खिशात.

कंपनीत प्रेस मशीनवर हाताला लागलं, तेव्हापासून तीन महिने घरी होता. ईएसआयमधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातून, पगाराच्या ९० टक्के मिळत होते म्हणून घर चाललं, तो आधार खरंच मोठा. पण एवढ्या दिवसांत कंपनीतून कसा आहेस म्हणून एक फोन नाही. आता डॉक्टरांनी फिट लिहून दिलंय तर सुपरवायझर म्हणतो सोमवारपासून ये, त्याच मशीनवर, हलकं काम आपल्याकडे नसतं.

पॅकिंगला माणसं कमी आहेत हे दादाच सांगत होता. मग महिनाभर तिथं बसवायला काय जातं यांचं?