चार फुटी युद्धनौका आणि तिला पडलेली भोकं

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी लेकीला बदकं दाखवायला घराजवळच्या तळ्यावर नेलं, तर काठावर दहा-बारा माणसं रांगेत उभी. बहुतेक साठीच्या पुढची. छातीपर्यंत चढवलेल्या रबरी पँटी, हातात रिमोट, आणि डोळ्यांवर लेथवर काम करणारे लावतात तसे चष्मे. पाण्यात राखाडी रंगाची जहाजं एकमेकांभोवती घिरट्या घालत होती. मी जरा पुढे सरकलो तसा त्यातला एक जण हात उंचावून ओरडला. वाटलं, नको तिथे आलो बहुतेक. तर तो चष्म्यासाठी ओरडत होता. पिशवीतून दोन जादा चष्मे काढून त्याने आम्हाला दिले, लेकीच्या नाकावरून तिचा सारखा घसरत होता तो मागे रबर लावून घट्ट केला, आणि म्हणाला, "हं, आता बघा."

खट्, खट्, खट्. टाइपरायटर सुरू झाल्यासारखा आवाज. एका जहाजाच्या बाजूला बारीक भोकं पडली, डेकवरून पाण्याची कारंजी उडायला लागली, आणि दोन-तीन मिनिटांत ते शेपटीकडून खाली गेलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्याचं जहाज बुडालं तोही हसत होता. लेक मात्र रडायला लागली.

टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त येऊन मला आठ वर्षं झाली. या राज्यात बंदुकांबद्दल काय काय ऐकलं होतं, पण खेळण्यातल्या जहाजांवर खऱ्या तोफा बसवून ती बुडवायचा छंदही इथेच, 1970 च्या दशकाच्या अखेरीस जन्मला हे माहीत नव्हतं. आता तो अमेरिकेत इतरत्र आणि ऑस्ट्रेलियातही खेळतात.

मोजमाप 1:144. म्हणजे खऱ्या जहाजाचे 12 फूट तो आपला 1 इंच. जहाज विसाव्या शतकाच्या पहिल्या साडेचार दशकांतलं, दोन्ही महायुद्धांच्या काळातलं हवं. (कान्होजी आंग्र्यांचं गुराब चालेल का, हे मी विचारून बघितलं. नाही चालत. शिडाची जहाजं या खेळात बसत नाहीत.) तोफा म्हणजे पितळी नळ्या. त्यांतून एअरगनमध्ये घालतात तसे साडेचार मिलिमीटरचे पोलादी छर्रे उडतात, कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर. जहाजाच्या पोटात गॅसची छोटी बाटली आणि रेग्युलेटर. दाबाची मर्यादा 150 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला 150 पौंड. आणि या छर्‍यांना भोक पाडता यावं म्हणून जहाजाची कातडी मुद्दाम तकलादू ठेवतात. फायबरग्लासच्या सांगाड्यात खिडक्या कापायच्या, मध्ये बरगड्या सोडायच्या आणि त्यावर 1/32 इंच जाडीचा बाल्सा नावाच्या हलक्या, मऊ लाकडाचा पापुद्रा चिकटवायचा. एक मिलिमीटरपेक्षा कमी. नखाने दाबला तर खड्डा पडतो.

इथेच माझी पहिली अडचण. डोंबिवलीत आमच्याकडे काचेचं शोकेस होतं. काकांनी मस्कतहून आणलेली रिमोटची गाडी त्यात खोक्यासकट ठेवलेली. पाहुणे आले की दाखवायची. ती कधी जमिनीवर चाललेली मला आठवत नाही, आणि शेवटी सेल गळून आतून खराब झाली. चांगली वस्तू जपायची, हे ज्याच्या अंगात असं मुरलंय त्याने चार महिने खपून जहाज करायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं, घे, मार.

चष्मे देणारे ते गृहस्थ निवृत्त प्लंबर. त्यांनी मला सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्यापैकी कुणाला पुढेमागे लागतील म्हणून सांगतो. पहिली, लगेच बांधायला बसू नकोस, आधी कुणाचं तरी उसनं जहाज चालव. दुसरी, यामातो, बिस्मार्क, आयोवा या अवाढव्य युद्धनौकांचं नाव काढू नकोस. प्रत्येक नवखा त्यांच्यावरच भाळतो. आयोवा या मापात सहा फुटांच्या वर जाते. गाडीत मावत नाही, लवकर वळत नाही, आणि पाण्यातून उचलायला दोन माणसं लागतात. उलट अगदी लहान विनाशिका घेतली तर तिच्या पोटात बॅटरी, पंप, गॅस कोंबता कोंबता वजन हाताबाहेर जातं. मधलं काहीतरी घे.

मधलं म्हणून मी यूएसएस टेक्सास घेतली. थोडा भावनेचाही भाग होता. 1914 साली नौदलात आलेली ही युद्धनौका दोन्ही महायुद्धांत लढली आणि 1948 पासून ह्यूस्टनजवळ संग्रहालय म्हणून उभी होती. त्या ड्रेडनॉट पिढीतली, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोठ्या तोफांच्या युद्धनौकांतली, जगात उरलेली ही एकच. जून 1944 मध्ये नॉर्मंडीला शत्रू तोफांच्या टप्प्याबाहेर गेला, तेव्हा हिच्या कप्तानाने एका बाजूला बाहेरून असलेल्या पोकळ फुगवट्यात मुद्दाम पाणी भरून जहाज दोन अंश कलतं केलं आणि तोफांची तोंडं तेवढी वर उचलून घेतली. म्हातारपणी तळाला इतकी गळती लागली की पंप सतत चालू ठेवावे लागायचे. 2022 च्या ऑगस्टअखेर तिला ओढत गॅल्व्हेस्टनच्या गोदीत दुरुस्तीला नेलं. ते बघताना मला शाळेच्या सहलीत पाहिलेली आयएनएस विक्रांत आठवली. तीही संग्रहालयच होती, 2012 पर्यंत. मग 2014 मध्ये मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यात तोडली, आणि तिच्या पोलादातून बजाजची मोटारसायकल निघाली. माझ्या धाकट्या भावाकडे ती आहे. तो तिला फार जपतो. असो.

टेक्सासची लांबी 573 फूट. या मापात जेमतेम चार फूट. वजनाचा हिशोब मात्र मजेदार आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 144 पटीने कमी होतात, म्हणून वजनाला जवळजवळ 30 लाखांनी भागायचं. 27,000 टनांची बोट आली नऊ किलोवर. या नऊ किलोंत सगळं बसवायचं. खऱ्या टेक्सासवर 14 इंची दहा तोफा होत्या, पण खेळात त्या सगळ्या चालत्या ठेवता येत नाहीत. जहाजाच्या आकाराप्रमाणे ठरावीक 'युनिट' मिळतात, ते तोफा आणि पंप यांच्यात वाटायचे. जास्त तोफा की जास्त पंप, यावर तळ्याकाठी रणं माजतात.

मी पंपाकडे झुकलो. आत आलेलं पाणी पंपाने डेकवरून बाहेर फेकायचं, पण पंपाच्या तोंडाचं भोकही नियमाने बांधलेलं, एका युनिटला 1/8 इंच. तळाला उतार देऊन पाणी पंपाकडेच वाहील अशी पन्हळ करायची. हे काम प्लंबरसाहेबांनी माझ्याकडून तीनदा खरवडून घेतलं. "पाणी आळशी असतं, त्याला वाट दाखवावी लागते," म्हणाले. रिमोटचा रिसीव्हर रबरी गॅस्केटच्या हवाबंद डब्यात. आणि डेकवर एक छोटा तरंगणारा ठोकळा, त्याला खाली दोरी बांधलेली. जहाज बुडालं की ठोकळा वर राहतो, दोरी धरून खेचून काढायचं. मला ही दोरी अपशकुनी वाटली होती, म्हणून मी ती शेवटी बांधली.

तोफांचं म्हणाल तर अनुभवी लोक निदान काही तोफा मागे तोंड करून ठेवतात. म्हणजे आपण पळायचं, दुसरा पाठलाग करत येतो आणि त्याच्या नाकाडावर छर्रे बसतात. आपल्याला हा प्रकार शिवकाळापासून ठाऊक आहे, पण मी कौतुकाने तसं सांगायला गेलो तर सह्याद्री म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली.

ऑक्टोबरमध्ये टेक्सास पाण्यात उतरली. दोन बाजू, दोस्त आणि अक्ष, महायुद्धातल्यासारख्याच. एका तोफेत साधारण 50 छर्रे, ते मी घाबरून पहिल्या तीन मिनिटांत उडवले. अर्धे पाण्यात गेले. छर्रे संपले की "पाच" असं ओरडायचं. त्यानंतर पाच मिनिटं पाण्यातच काढायची, मग बाहेर. त्या पाच मिनिटांचं वर्णन मला नीट करता येणार नाही. रिकाम्या तोफा घेऊन तुम्ही पळताय आणि समोरच्या बाजूची तीन जहाजं तुमच्यामागे. डाव्या अंगाला खट्खट् झालं, पंपाची धार वर उठली. धार उठली की सगळ्यांना कळतं, हिच्या पोटात पाणी आहे, मग चौथाही येतो. साडेचार मिनिटं झाली असतील. नाक आधी खाली गेलं. ठोकळा एकटाच गोल फिरत राहिला. लेक या वेळी रडली नाही. तिने ओरडून सांगितलं, "बाबा, दोरी!"

कंबरभर पाण्यात जाऊन मी ती ओढली. काठावर भोकांची मोजणी झाली. पाणरेषेच्या वरच्या भोकाला 10 गुण, रेषेवरच्याला 25, खालच्याला 50, बुडवल्याचे वेगळे. मला बुडवणाऱ्यांत खुद्द प्लंबरसाहेब होते, आणि त्यांनीच आपली पेटी उघडून माझ्याशेजारी बसकण मारली. भोकांवर पातळ कागदाचा तुकडा ठेवून वर डोप, म्हणजे पटकन वाळणारं रोगण, फिरवायचं, वाळलं की पुन्हा तयार. लहानपणी फाटलेल्या पतंगाला भाताच्या शिताने ठिगळ लावायचो, अगदी तसंच. तासाभरात दुसऱ्या फेरीला उतरलो. या वेळी छर्रे पुरवून वापरले आणि वाचलोही. पण त्या फेरीचं फारसं आठवत नाही.

रात्री आईला फोन केला. तिकडे सोमवारची सकाळ.

"बुडवायचंच होतं तर बांधलंस कशाला एवढं?"

"गणपती नाही का आपण आणत?"

"गणपती पुढच्या वर्षी परत येतो."

"हेही येतं. दोरी बांधलेली असते."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "खोल आहे का रे ते तळं?"

"छातीभर असेल."

"मग गणपतीचं विसर्जन बादलीत कशाला करता? तिथेच करा की."

म्हटलं, पार्कवाल्यांना विचारून बघतो.