किराणा दुकानातला काटा

उंचीप्रमाणे रांग लागली की मी पहिला. प्रार्थनेला पहिला, कवायतीला पहिला, आणि मैदानावर मात्र कायम लिंबूटिंबू. कबड्डीत मला कुणी धरतसुद्धा नसे.

1998 च्या डिसेंबरात मी आठवीत होतो. प्रार्थना झाल्यावर पीटीच्या सरांनी वर्तमानपत्र उघडून बातमी वाचली: बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धात भारताला सुवर्ण, नौदलाचा डिंको सिंग. 1982 साली कौर सिंगनं जिंकलं होतं, त्यानंतर थेट आता. "कौर सिंग हेवीवेट," सर म्हणाले, "आणि याचा गट किती किलोचा? 54." हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी मी सायकलच्या शेडमध्ये हजर.

तिथे तुळईला गोणपाटाचं पोतं टांगलेलं, आत चिंध्या आणि लाकडाचा भुसा. ग्लोव्ह्जच्या दोनच जोड्या. आतलं अस्तर फाटलेलं आणि वास असा की घरी जेवताना हाताला यायचा. वजनाची सोय शाळेत नव्हती. सर आम्हाला चौकातल्या किराणा दुकानात न्यायचे आणि धान्याच्या काट्यावर उभं करायचे. "मास्तर, हे पोरगं साखरेच्या अर्ध्या पोत्याएवढंही भरत नाही," असं दुकानदार दर शनिवारी म्हणायचा आणि दर शनिवारी स्वतःच हसायचा.

डिंकोची गोष्ट सरांनी आम्हाला हप्त्याहप्त्यानं सांगितली. मणिपूरमधलं सेक्ता गाव, अनाथाश्रमातलं बालपण, 1989 साली दहा वर्षांचा असताना अंबाल्याला जिंकलेली सब-ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा. बँकॉकच्या संघातून त्याला आधी वगळलं होतं, मग घेतलं. उपांत्य लढत थायलंडच्याच सोनताया वोंगप्रातेसशी, म्हणजे यजमानाच्या अंगणात. अंतिम फेरीत उझबेकिस्तानचा तैमूर तुल्याकोव्ह. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या असत. चौथी संपली आणि तुल्याकोव्ह पाचवीला उठलाच नाही. हे सांगताना सर स्वतः स्टुलावर बसून दाखवायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो, जणू सरच हरलेत.

त्या काळी गुण संगणकावर मोजत. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. म्हणून सरांचा हट्ट: ठोसा नुसता लागून उपयोग नाही, दिसला पाहिजे. हलक्या गटात एका फटक्यात समोरचा आडवा होणं विरळा. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाक, बाजूला सर, परत टाक. माझा जॅब बरा होता. पाय त्याहून बरे.

जिल्हा स्पर्धेच्या सकाळी मी 40 किलोच्या गटात 300 ग्रॅम जास्त भरलो. आदल्या रात्री मावशीकडे बारसं होतं आणि जिलेबी होती. सरांना मात्र मी "काट्यातच घोटाळा आहे" असं सांगितलं. मग भर उन्हात स्वेटर घालून मैदानाला चकरा. वजनात बसलो खरा, पण दुसऱ्या फेरीत पायांत जीवच उरला नव्हता. समोरचा मुलगा माझ्याहून बोटभर बुटका होता. सगळं करून हरलो! परतीच्या एसटीत सरांनी शेंगदाण्याची पुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जिलेबी किती होत्या रे?"

2000 साली मी दहावीत होतो. सिडनी ऑलिंपिकमध्ये डिंको युक्रेनच्या सेर्ही दानिलचेन्कोकडून हरला. त्याच दानिलचेन्कोनं पुढे कांस्य घेतलं, पण आमचं समाधान त्यानं कसलं होतंय? शेडमध्ये दोन दिवस कुणी पोत्याला हात लावला नाही. पुढे मेरी कोमनं सांगितलं की डिंकोला पाहून आपण बॉक्सिंगकडे वळलो, तेव्हा मला उगाच वाटलं, अरे, ही तर आमच्याच शेडमधली. तिचं लंडनचं कांस्य 51 किलोचं. डिंकोला 2013 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी सरांना पेढे नेले. त्यांनी अर्धाच खाल्ला. साखर वाढली होती.

10 जून 2021 ला डिंको गेला. यकृताचा कर्करोग, वय अवघं 42. आदल्या वर्षी कोरोनातून उठला होता. मी सरांना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तुझं वजन किती आता?"

"त्र्याहत्तर."

"मिडलवेट झालास की रे," म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.