उन्हापेक्षा दमट दिवस गाईला जास्त जड जातात

पुण्यात जूनमधला पहिला पाऊस झाला की सगळे म्हणतात, चला सुटलो एकदाचे उन्हाळ्यातून. माणसाचं ठीक आहे हो, पण गोठ्यातल्या एचएफ (होल्स्टिन, जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) गाईचा उन्हाळा तेव्हा संपलेला नसतो. पाऊस उघडला की जे ढगाळ, वारा पडलेले, चिकचिकीत दिवस येतात ते तिला मे महिन्याच्या रखरखाटापेक्षाही जड जाऊ शकतात. शेती आणि हवामान म्हटलं की आपल्याकडे सगळी चर्चा पावसाची. कांदा भिजला, धरण किती टक्के भरलं, वगैरे. २०२५ च्या मे मध्ये बारामती, इंदापूर, दौंडकडे जे पाणी झालं त्यावर बोलायलाच पाहिजे, पण दावणीच्या जनावराला हवेतला दमटपणा कसा छळतो हे कुणी विचारतच नाही, म्हणून लिहितोय.

माझा चुलतभाऊ दौंड तालुक्यात असतो, घरी संकरित गाई आहेत आणि गोठ्याचं सगळं वहिनी बघतात. त्या म्हणतात, "भावजी, मे मध्ये गाई पहाटं तरी वैरणीला तोंड लावत्यात, पण असल्या आभाळात रातभर नुसत्या उभ्या ऱ्हात्यात." खरंच आहे ते. उकाड्याने बेजार झालेली गाय बसत नाही, उभी राहिली की अंगाला जरा जास्त हवा लागते म्हणून. मान पुढे काढून धापा टाकते, तोंडातून लाळेची तार लोंबत असते, समोर कुट्टी तशीच पडलेली आणि रवंथ जवळजवळ बंद.

याचं गणितही आहे. तापमान आणि आर्द्रता एकत्र करून एक निर्देशांक काढतात, टीएचआय म्हणतात त्याला, आणि तो साधारण ७२ च्या वर गेला की जास्त दुधाच्या गाईला ताण सुरू होतो असं धरतात. मे मधला ३८ अंशांचा कोरडा दिवस घ्या, आर्द्रता २० टक्के, तर आकडा येतो ८२ च्या आसपास. आणि जूनमधला ३१ अंशांचा दिवस, आर्द्रता ७५ टक्के, तर तो जातो ८४ च्या जवळ! सात अंश कमी असूनही त्रास जास्त. कारण गाईला आपल्याइतका घाम येत नाही, ती बरीचशी उष्णता कातडीवरून आणि श्वासातून पाणी उडवून बाहेर टाकते आणि हवाच ओली असली तर ते पाणी उडणार कुठे. शिवाय तिच्या पोटात चारा आंबतो त्याची उष्णता वेगळी, म्हणून जी जास्त खाते आणि जास्त दूध देते तीच आधी गळपटते.

मग ती खाणं कमी करते आणि दूध आटतं. लाळ गळून जाते तसा लाळेतला सोडाही जातो, पोटात आम्लता वाढते आणि फॅट उतरते. डेअरीत गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून असतो, त्याच्या खाली गेलं की लिटरमागे पैसे कापतात. म्हणजे लिटरही कमी आणि दरही कमी, पेंडीचा खर्च मात्र तेवढाच. आणि माज नीट दिसत नाही, भरवलेली गाय उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते, त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या वेतात बसतो तो हिशोबात कुणी धरतच नाही.

आता लोक पत्र्याच्या गोठ्यात फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नोझल, बसवतात. कोरड्या उन्हात ठीक, पण दमट हवेत पंखे नसताना नुसता फॉगर चालवला तर गोठ्यात आणखी वाफ कोंडते. तेव्हा पाणी नाही, वारा पाहिजे. पंखा, बाजू उघड्या, जमलं तर मुक्त संचार गोठा आणि बांधावरच्या झाडाची सावली. पत्र्यावर चुना मारणं किंवा उसाचं पाचट टाकणं हे तर स्वस्तातलं काम आहे. वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळनंतर आणि पहाटे टाकायचा, चोवीस तास पाणी समोर ठेवायचं, डॉक्टरांना विचारून खाण्याचा सोडा आणि मिनरल मिक्श्चर. खिलार किंवा गीर हे ऊन जास्त सोसते, कातडी सैल, गळ्याखालची पोळी मोठी, पण एचएफइतकं दूध देत नाही, त्यामुळे हप्ते भरणाऱ्याला "देशी पाळा" एवढं सांगून भागत नाही. म्हशीचं अजून वेगळं, काळी कातडी आणि घाम कमी, तिला डुंबायला किंवा अंगावर पाणी लागतंच.

ओल आली की माश्या-गोचीड वाढतात, २०२२ मध्ये लम्पीने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. घटसर्प आणि फऱ्या हे रोगही पावसाळ्यातच उफाळतात, म्हणून त्यांची लस आधीच टोचून घ्यायची. गारठाही वाईटच, डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे रात्रभर उघड्यावर भिजून शेकडो मेंढ्या दगावल्या, ज्या धनगरांचा वाडाच रानात त्यांनी कळप न्यायचा तरी कुठे?

भारतातल्या कृषी हवामानाच्या कामाची सुरुवात आपल्या पुण्यातच झाली, १९३२ मध्ये, शिवाजीनगरचं हवामान खात्याचं सिमला ऑफिस सगळ्यांना माहितीय. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, मेघदूत अ‍ॅपवरही मिळतो. त्यात पावसाबरोबर आर्द्रतेचा अंदाजही असतो, पण गावाकडच्या ग्रुपवर फक्त पावसाचा आकडा फिरतो. ज्यांच्याकडे दुधाची जनावरं आहेत त्यांनी आर्द्रतेची ओळही वाचा, आणि ७० टक्क्यांच्या वर, वारा नाही असं दिसलं तर त्याच दिवशी पंखे आणि वैरणीच्या वेळा बदला, दूध उतरायची वाट बघू नका.