सागवानावर कापडाने दिलेले पॉलियुरेथेन

आज दिवसभर पडवीत बसून मी सागवानाच्या एकाच फळीच्या दोन तुकड्यांवर कापडाने पुसून लावायचे पॉलियुरेथेन, म्हणजे लाकूड जपणारे पारदर्शक वार्निश, पारखले, एकावर ऑइल-बेस आणि दुसऱ्यावर वॉटर-बेस. ऑइल-बेसमध्ये मी जवळपास तितकेच टर्पेंटाइन मिसळले होते. त्यामुळे ब्रशच्या रेघा किंवा ओघळ राहिले नाहीत, मात्र प्रत्येक थर अगदी पातळ बसत असल्याने ब्रशच्या दोन हातांचे काम व्हायला येथे पाच-सहा हात द्यावे लागतात. सागवानाचे स्वतःचे तेल हा थर लवकर वाळू देत नाही, म्हणून लाकूड आधी थिनरने पुसून घेणे मी कधीच टाळत नाही.

वॉटर-बेस लवकर वाळला खरा, पण आपल्या विदर्भातल्या दुपारच्या झळांत कापड फिरून येण्याआधीच तो चिकट होऊ लागला आणि लाकूडही फिकेच दिसत राहिले; ऑइल-बेसने मात्र तेच सागवान मधासारखे उजळले. आईच्या देव्हाऱ्यासाठी मी तोच ठरवला आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. माझ्या चिंध्या अंगणातल्या दोरीवर सुट्या वाळत आहेत. उद्या सकाळी ३२० नंबरचा पॉलिशपेपर हलकासा फिरवून तिसरा हात देणार आहे.